लँगोलेन कालवा, पहाटे साडेपाच

इंग्लंडमधल्या चेशायरमधून निघून श्रॉपशायरमार्गे वेल्सच्या डोंगरांत शिरणारा लँगोलेन कालवा नॅरोबोटवाल्यांचा, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट, चिंचोळ्या बोटींवर फिरणाऱ्यांचा, भलताच लाडका. तीच त्याची अडचण. चर्कचा बोगदा, पॉन्टकसल्टीचा जलसेतू (म्हणजे कालवाच दरीपार नेणारा पूल) आणि लँगोलेनच्या तोंडाशी असलेले चिंचोळे पट्टे, या तिन्ही ठिकाणी एका वेळी एकाच दिशेची बोट जाऊ शकते. सीझनमध्ये सकाळी दहानंतर तिथे खोळंबा ठरलेला. म्हणून आठवड्याभराच्या या बोटप्रवासाचं वेळापत्रक एकाच गोष्टीवर बेतलं होतं: उजाडताच सुटायचं आणि दुपारी बोट बांधून टाकायची. मे महिन्याच्या मध्याला तिकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेपाचला निघालं की बाकीच्यांचा नाश्ता उरकेपर्यंत निम्मा पल्ला मागे पडलेला असतो.

सुरुवात चेशायरमधल्या रेनबरीहून. तिथून लँगोलेन साधारण ३८ मैल, म्हणजे साठेक किलोमीटर, आणि वाटेत १२ लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली नेणारे दरवाजांचे हौद. बोटवाल्यांचा हिशोब सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिनाने भागायचं, येतील तितके तास. इथे सतरा येतात, पण जाताना प्रवाह समोरून असतो, तेव्हा दोन तास जास्तच धरावेत. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. ती गाठायची नसते. काठावर लाट फुटायला लागली की वेग जास्त झाला असं समजायचं.

शनिवार: रेनबरी ते मारबरी

रेनबरीजवळच्या धक्क्यावर दुपारी बोट ताब्यात मिळाली. लांबी ५७ फूट, रुंदी ६ फूट १० इंच. लॉक ७ फुटी, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोन इंचांची जागा. भाड्याची बोट देताना तास-दीड तास सगळं दाखवतात. त्यात चार गोष्टी स्वतः हात लावून बघाव्यात: वीड हॅचचं (प्रोपेलरपर्यंत हात घालायच्या भोकाचं) झाकण कसं बसतं, स्टर्न ग्लँडचा (शाफ्टच्या कडेने येणारं पाणी अडवणाऱ्या सांध्याचा) ग्रीसर कुठे आहे, बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं बटण कोणतं आणि गॅसचा मुख्य कॉक कुठे. बाकीचं हातातल्या पुस्तिकेत असतं.

टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, हे पहिल्या अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. पडत नाही ती दुसरी गोष्ट: बोट मधोमध धरल्यासारखी फिरते. नाक वळणातून सुटलं म्हणजे सुटका झाली असं नाही, शेपूट अजून काठावर घासायची बाकी असते. आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास काहीच करत नाही. उलट गियर फक्त ब्रेक म्हणून.

रेनबरी गावातला उचलपूल विजेवर चालतो, कारण वरून रस्ता जातो. पेटीत कालव्याची चावी घालायची, बटण दाबून धरायचं, फाटकं पडतात आणि पूल उठतो. गाड्यांची रांग बघून हात थरथरला तरी बटण मध्येच सोडायचं नाही. पूल पुन्हा पूर्ण बसून फाटकं उघडेपर्यंत चावी पेटीतून निघतच नाही, त्यामुळे ती तिथे विसरून पुढे गेलं असं सहसा होत नाही.

मारबरीचा लॉक चढून संध्याकाळी सातला मोकळ्या शेताकडेला मेखा ठोकल्या. जागा मुद्दाम निवडलेली, आजूबाजूला एकही बोट नाही. कालव्यावर रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवत ठेवायचं नाही असा दंडक आहे. सुटून चालू लागायला त्याची आडकाठी नाही, पण पहाटे साडेपाचला डिझेल इंजिन सुरू करून शेजारच्याची झोप मोडणारा माणूस पुढच्या लॉकवर सगळ्यांना माहीत झालेला असतो. पहाटेचा प्रवास आदल्या संध्याकाळी ठरतो, तो असा.

रविवार: ग्रिंडली ब्रुकच्या पायऱ्या

पहाटे तापमान ६ अंश. छपरावर, कठड्यावर, दोरांवर जाड दव. बोटीच्या बाजूने जाणारी पाऊलभर रुंदीची पट्टी या वेळी सगळ्यात धोक्याची असते. रबरी तळाचे बूट हवेत आणि एक हात कायम छपराच्या दांडीवर. टिलरवर उभ्या माणसाला हालचाल नसते, थंडी पायातून चढते. दोन जोड मोजे आणि हातमोजे मे महिन्यातही लागतात.

निघण्याआधीचा क्रम ठरलेला आहे. इंजिनची पातळीकांडी बाहेर काढून पुसायची आणि तेल बघायचं. शीतक द्रवाची पातळी बघायची. बिल्जमध्ये पाणी किती साचलं ते बघायचं. स्टर्न ग्लँडचा ग्रीसर मात्र आदल्या रात्री, बोट बांधल्यावर, घट्ट लागेपर्यंत पिळून ठेवायचा. तो विसरला की शाफ्टच्या कडेने रात्रभर थेंब पडत राहतात आणि सकाळी पंप कुरकुरतो. चावी पहिल्या खुणेवर दहा-पंधरा सेकंद धरली की ग्लो प्लग तापतात, मग स्टार्ट. थोडा निळसर धूर येतो, तो लगेच निवळतो. इंजिन गरम करत उभं राहायचं नाही. आधी सगळे दोर सोडायला तयार ठेवायचे आणि सुरू होताच निघायचं.

मारबरीच्या पुढे क्वॉइझली, विलीमूर आणि पोव्हीज असे तीन सुटे लॉक. लॉक चढण्याची रीत कुठेही तीच. लॉक रिकामा नसेल तर खालची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उघडून रिकामा करायचा, खालचे दरवाजे उघडायचे, बोट आत, दरवाजे बंद, खालची पॅडल बंद. मग वरचं जमिनीतलं पॅडल विंडलासने (हाताने फिरवायच्या दांड्याने) आधी अर्धंच उघडायचं. पूर्ण उघडलं तर पाण्याचा लोंढा बोटीला पुढेमागे आपटवतो. बोट निम्मी वर आली की पूर्ण. वरच्या दरवाज्याच्या अलीकडे आणि पलीकडे पाणी समपातळीत आल्याशिवाय तो हलत नाही. हलत नसेल तर जोर लावू नये, अजून दोन मिनिटं थांबावं. आणि पहाटे पॅडल खाली घेताना अडकणीचा दात सोडून धडाधड पडू द्यायचं नाही. विंडलासने हळूहळू उतरवायचं. तो खडखडाट अर्धा मैल ऐकू जातो.

या कालव्याची खरी गंमत लॉकच्या खालच्या तोंडाशी आहे. डी नदीचं पाणी रोज सुमारे ५ कोटी लिटर या कालव्यातून हर्लस्टनच्या जलाशयाकडे वाहतं. लॉक बंद असताना ते बाजूच्या पाटातून खाली येतं आणि लॉकच्या दाराशीच आडवं घुसतं. हळू, जपून आत शिरणाऱ्या बोटीचं नाक तो पाट हमखास ढकलून देतो आणि बोट भिंतीला तिरकी अडकते. उपाय म्हणजे नेहमीपेक्षा किंचित जास्त वेग, आणि नाक पाटाच्या बाजूला वीतभर रोखून ठेवणं. ढकलत ढकलत ते बरोबर मधोमध येतं. पाटाच्या जवळ पोहोचल्यावर गॅस, म्हणजे इंजिनचा जोर, कमी केला की खेळ संपला.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक आहेत. खालचे तीन सुटे, वरचे तीन एकमेकांना जोडलेले, एकाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. या तीन पायऱ्या चढताना सर्वांत खालचा रिकामा आणि वरचे दोन्ही भरलेले हवेत. मधला लॉक रिकामा असताना खालून चढायला सुरुवात केली तर वरून ओतायला पाणीच नाही. म्हणून सीझनमध्ये इथे कालव्याचे लॉककीपर आणि स्वयंसेवक असतात, आणि त्यांच्या वेळा काठावर लावलेल्या असतात. खालचे तीन लॉक आपल्याआपण उरकून त्यांच्या आधी पोहोचणं, म्हणजे रांगेत पहिला नंबर.

ड्यूटीवर आलेल्या स्वयंसेवक बाई सत्तरीच्या. निवृत्त शिक्षिका. थर्मॉस काढून ठेवला, हातमोजे चढवले आणि पहिली सूचना दिली: "तुमच्या कुणालाही विंडलास लावायचा असेल तर माझ्याकडे बघून." पुढची पंचवीस मिनिटं बोट एकदाही भिंतीला घासली नाही. वरती लॉकशेजारच्या कॅफेत बेकन घातलेले पाव मिळतात. शाकाहारी माणसाला अंडं किंवा चीज टोस्ट. चेशायर चीज कुस्करणारं, किंचित आंबट असतं. गरम टोस्टवर ते पूर्ण वितळत नाही आणि तसंच छान लागतं.

व्हिटचर्चपाशी आणि पुढे उचलपुलांची मालिका. हे हाताचे, विंडलास फिरवून उचलायचे. दोन सूचना. पूल कालव्यावर तिरका झुकलेला राहतो, म्हणून टिलरवाल्याने बोट झुकलेल्या बाजूपासून दूर ठेवायची आणि छपरावर कुणी बसलेलं नको. आणि काही पुलांचं यंत्र टोपाथच्या (कालव्याकाठच्या पायवाटेच्या) पलीकडच्या काठाला असतं, एकट्या माणसाला तिथे घाम फुटतो. दोघं असतील तर एकाला आधी उतरवून पूल ओलांडून पाठवायचं.

संध्याकाळी विक्सॉलच्या अलीकडे मुक्काम. बोटीवरच्या स्वयंपाकाबद्दल: गॅस प्रोपेनचा, शेगडी चार बर्नरची, कुकर मजेत चालतो. इन्व्हर्टरवर किटली किंवा मोठा मिक्सर लावू नये, बॅटरी बसते. फोडणीने धुराचा अलार्म हमखास ओरडतो. खिडकीऐवजी बाजूचं दार उघडावं, अलार्म काढून कपाटात ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला तर हातच लावायचा नाही. शेगडीवर ऊब घेत बसणं हे बोटीवरचं सर्वांत वाईट मरण आहे.

सोमवार: दलदल आणि धुकं

थंड रात्रीनंतर कालव्याचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे पहाटे त्यावरून वाफ उठते. कंबरेइतकी वाफ असेल तर प्रवास सुरेख. पण विक्सॉलच्या दलदलीवर दाट धुकं बसलं तर नाकाच्या पुढचं दिसत नाही, आणि तुमचं नाक तर सतरा मीटर लांब. साधा नियम: पुढचा पूल किंवा वळण स्पष्ट दिसत नसेल तर मेखा उपटायच्या नाहीत. सोमवारी सहा चाळीसपर्यंत चहा पीत बसावं लागलं.

विक्सॉल मॉस ही मोठी पीट दलदल, आता संरक्षित निसर्गक्षेत्र. कालवा तिच्यावरून सरळ रेषेत जातो. पीट खचत राहतं, त्यामुळे काठ उंच करत राहण्यासाठी इथे कामगारांची एक कायमची टोळी शंभराहून अधिक वर्षं मातीच भरत होती. १९६०च्या दशकात काठाला पोलादी पत्रे ठोकले तेव्हा ते काम थांबलं. पहाटे इथे माणूस नाही. पाणकोंबड्या, पिल्लांची रांग घेऊन बदकं आणि एक खंड्या, जो दर शंभर मीटरवर पुढच्या फांदीवर जाऊन बसतो. आपल्याकडे नदीकाठी दिसणारा छोटा निळा खंड्या तोच हा. राखी बगळाही तोच.

बेटिसफील्डला कालवा थोडा वेळ वेल्समध्ये शिरतो आणि पुन्हा इंग्लंडमध्ये येतो. या भागात सकाळीच मासेमारीवाले बसतात. त्यांच्या कार्बनच्या काठ्या कालव्याच्या आडव्या पसरलेल्या असतात. गॅस एकदम कमी करू नये, थांबूही नये. मधोमध, एकाच वेगाने जावं. ते काठी शांतपणे मागे सरकवून घेतात. एकाने न बघताच अंगठा वर केला. कालव्यावर ही मोठीच दाद. काठाला बांधलेल्या बोटींजवळून मात्र अगदी हळू. जोरात गेलं तर त्यांचे दोर ताणले जातात, मेखा उपटतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. यातलं तिसरं जास्त महाग पडतं.

एल्समीअरच्या आधी उजव्या हाताला ब्लेक मीअर, हिमयुगाने मागे ठेवलेला तलाव. कालवा त्याच्या कडेला इतका चिकटून जातो की मध्ये फक्त झाडांची ओळ उरते. मग ८७ यार्डांचा छोटा बोगदा आणि एल्समीअर. शहराकडे जाणाऱ्या फाट्याच्या टोकाला मोठं दुकान आहे. भाजी, दूध, कांदे इथे भरून घ्यावेत. पाणीही इथेच. टाकी अर्धी रिकामी असेल तर भरायला पाऊण तास लागतो, तोवर भांडी उरकतात. कॅसेट टॉयलेट असेल तर तीही रिकामी करायची. हे काम गर्दीच्या आधी केलेलं बरं.

मंगळवार: न्यू मार्टन, चर्क

फ्रँकटनला डावीकडे माँटगोमेरी कालवा फुटतो. १९३६ साली त्याचा काठ फुटला आणि वाहतूक बंद पडली. १९४४च्या कायद्याने लँगोलेनचा कालवाही कागदोपत्री बंदच केला होता. तो वाचला तो पाण्यामुळे. चेशायरच्या नळांना या कालव्यातून पाणी द्यायचं होतं, म्हणून काठ आणि लॉक सांभाळले गेले आणि बोटींना त्यावर चालता आलं. समोरून येणारा तो प्रवाह टिलरवाल्याला कितीही छळत असला, तरी त्याच्याच कृपेने कालवा आहे.

न्यू मार्टनचे दोन लॉक हे शेवटचे. इथे दुपारी पंधरा-पंधरा मिनिटांची रांग असते, सकाळी सहाला कुणी नाही. त्यानंतर लँगोलेनपर्यंत सपाटी.

चर्कचा जलसेतू १८०१चा, २१ मीटर उंच. शेजारीच रेल्वेचा १८४८चा पूल त्याच्याहूनही उंच. खाली केरिओग नदी, तीच इंग्लंड-वेल्सची सीमा. जलसेतू संपला की लगेच ४२१ मीटरचा बोगदा. आत शिरण्याआधी हेडलाइट लावायचा, आतले दिवेही लावायचे म्हणजे भिंती दिसतात, आणि तोंडातून समोर बघायचं. दुसऱ्या टोकाचं गोल भोक दिसलं आणि त्यात दिवा नसला तरच जायचं.

बोगद्यात बोट रखडते, आणि गॅस वाढवला की जास्तच रखडते. कारण असं: पाणी समोरून वाहतंय, बोगदा अरुंद आणि उथळ आहे, बोटीने सारलेल्या पाण्याला मागे जायला वाट नाही. प्रोपेलर जोरात फिरवला की शेपूट तळाकडे बसते आणि पाणी आणखी अडतं. मध्यम गॅसवर ठेवून धीर धरावा. वीस मिनिटं लागतात. पुढचा व्हाइटहाउसेस बोगदा याच्या निम्म्याहून लहान आहे.

प्रोपेलरला काही गुंडाळलं गेलं तर हाच भाग ते उघड करतो: कंप वाढतो, धूर काळा येतो, वेग पडतो. इंजिन बंद, चावी खिशात, मग वीड हॅच उघडून हात घालायचा. प्लॅस्टिकची पिशवी, दोरी, एकदा तर अख्खी साडेतीन फुटी ताडपत्री. सुरी दातेरी असली तर काम पाच मिनिटांचं. झाकण पुन्हा घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सैल झाकणातून प्रोपेलर स्वतःच इंजिनच्या खोलीत पाणी भरतो, आणि अशा बोटी बुडाल्या आहेत.

दहाच्या आत पॉन्टकसल्टीच्या अलीकडच्या फ्रॉन गावी पोहोचून बोट बांधली. तिथल्या जलसेतूवर तेव्हाच तीन बोटी वाट बघत होत्या. दुपार पायी फिरण्यात. खालून, नदीकाठावरून सेतू बघायचा तर हाच दिवस.

बुधवार: पॉन्टकसल्टी

पावणेसहाला सेतूवर समोरून कुणी नाही, याची खात्री करून बोट आत. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम १७९५ला सुरू झालं आणि १८०५च्या नोव्हेंबरात खुलं झालं. लांबी ३०७ मीटर, उंची ३८ मीटर. ओतीव लोखंडाची पन्हळ, सांधे वेल्सच्या फ्लॅनेल कापडाने आणि सफेद्याने बंद केलेले. २००९पासून आसपासच्या ११ मैलांच्या पट्ट्यासह जागतिक वारसा यादीत. उजव्या हाताला टोपाथ आणि कठडा. डाव्या बाजूला काही नाही. लोखंडाची कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर, आणि पलीकडे एकदम डी नदी. टिलरवर उभ्या माणसाला ती कड बोटीच्या आडोशाने दिसतच नाही.

ज्याला उंचीची भीती वाटते त्याने आत बसावं किंवा टोपाथवरून चालत यावं. बोट अगदी मंद चालते, चालणारा आधी पोहोचतो. लहान मुलं आणि कुत्री आतच. टिलर सरळ धरून ठेवला तरी चालतो, पन्हळ बोटीला चुकू देत नाही. खाली सकाळी सहाला धुकं नदीच्या रेषेने वाकत गेलेलं होतं, त्याच्या वर फक्त झाडांचे शेंडे.

सेतू संपताच मुख्य कालवा डावीकडे काटकोनात वळतो. समोरचं ट्रेव्हरचं कुंड म्हणजे पुढे न बांधल्या गेलेल्या कालव्याचा उरलेला तुकडा. नाक वळणाच्या आतल्या कोपऱ्याशी आणून मग टिलर पूर्ण, आणि थोडा जोराचा गॅस. नुसत्या टिलरने ५७ फूट वळत नाहीत.

पुढचे चिंचोळे पट्टे दगड फोडून काढलेले, एकच बोट मावेल एवढे, उथळ, आणि प्रवाह इथे सर्वांत जोराचा. एकाला टोपाथवरून पुढे पाठवायचं, समोरून कुणी येत नाही हे बघून त्याने हात करायचा. मोबाइलवर विसंबू नये, दरीत सिग्नल येतो-जातो. साडेसातला तिन्ही पट्टे विनाथांबा पार झाले. आठला लँगोलेनच्या कुंडात जागाही मिळाली. दुपारी इथे तीच जागा नशिबावर असते.

लँगोलेनच्या धक्क्यापलीकडे इंजिनच्या बोटींना मनाई. तिथे घोड्याने ओढायच्या बोटी चालतात, १८८४पासून. बाकी दोन मैल पायी, हॉर्सशू फॉल्सपर्यंत. तो धबधबा नव्हे. टेलफर्डने १८०८मध्ये नदीवर बांधलेला अर्धगोल बंधारा आहे, आणि कालव्याचं सगळं पाणी इथून येतं. गावात तव्यावर भाजलेले वेल्श केक गरम मिळाले तर घ्यावेत. बेदाणे, जायफळ आणि वरून साखर. गार झाल्यावर मजा जाते.

गुरुवार, शुक्रवार: परत

परतीला प्रवाह मागून. बोट पळते, पण थांबत नाही. पूल आणि वळणं यांच्याआधी नेहमीपेक्षा लवकर गॅस सोडायचा. लॉक आता उतरायचे आहेत, आणि उतरतानाचा धोका वेगळा आहे. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली दगडाची पायरी असते, तिला सिल म्हणतात. पाणी उतरताना शेपूट तिच्यावर राहिली तर नाक खाली जातं, बोट तिरकी होते आणि दोन मिनिटांत पाणी भरतं. काठावर सिलची पांढरी खूण असते. शेपूट तिच्या पुढे ठेवायची आणि टिलरवाल्याने तिच्यावरून नजर हटवायची नाही. पॅडलवरच्या माणसानेही बोटीकडेच बघत राहायचं, फोनकडे नाही. काही बिनसलं तर आधी खालची पॅडल बंद, मग वरची हळू उघडून पाणी परत चढवायचं.

ग्रिंडली ब्रुकला उतरताना उलटा हिशोब: सर्वांत वरचा भरलेला, खालचे दोन्ही रिकामे. शुक्रवारी संध्याकाळी रेनबरीच्या जवळ बांधावं. शनिवारी सकाळी लवकर बोट परत द्यायची असते, आणि डिझेलची मोजणी तिथेच होते. तासाला एक ते दीड लिटर धरलं तर चुकत नाही.